कलगी वाकडी होती म्हणून

चंदीगडहून परत आले तेव्हा कराडच्या आमच्या गल्लीतल्या बायकांनी मला दोनच प्रश्न विचारले. "गोळीबार बघितलास का गं?" आणि "स्वेटर स्वस्त असतात म्हणे तिकडं?" गोळीबार मी बघितला नाही. स्वेटर काही फार स्वस्त नाहीत, घासाघीस मात्र मनासारखी करता येते. पण या दोन प्रश्नांच्या मधे जे बघितलं ते सांगायला बसले, की चहा गार होतो आणि कुणीतरी भांडी घासायला उठून जातं. म्हणून लिहून काढते आहे. मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं शिक्षण लायब्ररीच्या पुस्तकांतून आणि लोकांना प्रश्न विचारविचारून. लिहिण्यात काही चुकलंमाकलं तर पोटात घाला.

अंबाल्याच्या पुढे

साल सत्त्याऐंशी, दिवाळी नुकतीच झालेली. "पंजाबात आता कोण जातं?" असं सगळ्यांनी विचारलं. माझी लेक सुधा तिथे संसार करत होती. ती राहू शकते तर मी पाहुणी म्हणून जायला काय हरकत होती?

जम्मूच्या गाडीने अंबाल्याला उतरले, तिथून बस. माझ्याजवळ भडंगाचा पत्र्याचा डबा होता. आमचे हे पोस्टात होते, त्यामुळे डबा कापडात शिवायचा, दोऱ्याच्या गाठींवर लाख ओतायची, ही त्यांची शिस्त ते गेल्यावरही मी सोडलेली नाही. वाटेत नाक्यावर बस थांबली. सगळ्यांना खाली उतरवलं. जागोजागी पाट्या होत्या, बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका, डब्याला लावू नका, आत बॉम्ब असेल. आणि इथे मी, शिवलेला, लाखबंद डबा छातीशी धरून!

"ये क्या है माताजी?" शिपायाने दोन पावलं मागे सरकून विचारलं.

"खाने का है."

"तो खाके दिखाओ."

मी तिथेच रस्त्यात बसले, दाताने दोरा तोडला, झाकण काढलं आणि बकाणा भरला. शिपाई बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला. तिखट लागून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी मूठ घेतलीच. त्याच्यामागून ड्रायव्हर, ड्रायव्हरमागून अख्खी बस. चंदीगडला पोचेपर्यंत डब्यात तळाचे चार शेंगदाणे उरले. नात मिनू डब्यात वाकून म्हणाली, "आजी, इसमें तो कुछ भी नहीं है!" मराठी सगळं कळतं कार्टीला, उत्तर मात्र हिंदीत.

न लावलेली कडी

चंदीगडचे रस्ते फुटपट्टीने आखलेले. आमच्याकडे पत्ता सांगताना पिंपळ लागतो, मारुती लागतो, तिथे नुसता आकडा सांगतात आणि माणूस बरोबर दारात पोचतो. सुधा बावीस सेक्टरमध्ये वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. खाली घरमालकीण, बिबीजी. उंच, गोऱ्या, पांढरी ओढणी, वय माझ्याएवढंच. अंगणात त्यांचा तंदूर. सकाळी शेजारच्या बायका कणीक मळून घेऊन यायच्या, आपापल्या रोट्या भाजून न्यायच्या, आणि रोट्यांपेक्षा बोलणंच जास्त भाजलं जायचं. मला हे फार आवडलं. आमच्याकडे शेजारणीच्या चुलीवर आपली भाकरी टाकली तर चार दिवस चर्चा होईल.

पण पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट खटकली. दिवस मावळला की सगळा सेक्टर कड्याकुलपं लावून आत जायचा. दिवसच तसे होते. बिबीजींचं फाटक मात्र नुसतं लोटलेलं.

"सुधा, अगं कडी लावायची राहिली."

"राहिली नाही, आई. त्या लावत नाहीत."

मग सुधाने सांगितलं. बिबीजींचा मुलगा बिंदर स्वतःचा ट्रक चालवायचा, हिमाचलातून सफरचंदं आणायचा. नऊ महिन्यांपूर्वी गेला तो परत आलाच नाही. ट्रक दुसऱ्याच रंगात रंगवलेला सापडला. ज्यांच्याकडे सापडला ते दोघे म्हणाले, "त्यानेच विकला आम्हाला. तो जंगलातल्या पोरांत सामील व्हायला गेला." पोरं म्हणजे अतिरेकी. त्या काळात पंजाबात हे वाक्य कुणाच्याही दारावर चिकटवलं की पुरे. दर आठवड्याला हवालदार यायचा, "चिठ्ठी आली? निरोप आला?" शेजारणी तंदूरवर यायच्या, पण बिंदरचं नाव निघालं की कणकेचे गोळे मोजू लागायच्या. आणि पावसाळा सरल्यावर पिंजौरच्या पुढे एका कोरड्या नाल्यात माणसाची कवटी आणि थोडी हाडं मिळाली होती.

"त्याचीच का?"

"कोण सांगणार? हे सांगतील एखाद दिवस," सुधा हळूच म्हणाली, आणि आतल्या खोलीकडे बघितलं. आत आमचे जावई विनायकराव पेपर वाचत होते.

विनायकराव सरकारी प्रयोगशाळेत होते. खुनाच्या, मारामारीच्या खटल्यातल्या वस्तू तिथे तपासायला येतात. ते रक्त बघणाऱ्या विभागात, कवटीचं काम दुसऱ्यांकडे. आपण त्याच घरात भाड्याने राहतो हे त्यांनी साहेबांना लेखी कळवलं होतं, आणि घरी या विषयावर एक अक्षर बोलायचे नाहीत. मी खोदून विचारलं तर म्हणाले, "आई, मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. भाजी छान झालीय."

आधी पोलिसांनी बिंदरचा कंगवा मागितला होता. नाल्यात थोडे केस मिळाले होते, त्यांच्याशी ताडून बघायला. शीख माणसाचे केस म्हणजे धर्म. विंचरताना गळलेलेही ते इकडेतिकडे टाकत नाहीत, गोळा करून जाळतात. म्हणजे घरात असतील तर कंगव्याच्या दातांतच. आणि बिबीजींनी काय करावं? सोडा घालून, उकळत्या पाण्यात कंगवा लखलखीत धुतला, नव्या रुमालात बांधून दिला.

"मैला कंघा सरकार को देती मैं, भैणजी?" त्या मला म्हणाल्या. "लोग क्या कहते, इसकी माँ ने सफाई नहीं सिखाई?"

मीसुद्धा धुऊनच दिला असता. वर खोबरेल लावून पुसला असता.

मग मागणी आली फोटोची. दात दिसतील असा. बिबीजींनी भिंतीवरची तसबीर काढून दिली. लग्नातला बिंदर, पगडी, कलगी, शिक्षा झाल्यासारखे गच्च मिटलेले ओठ. चार दिवसांनी तसबीर परत आली. याचा उपयोग नाही, दुसरा असेल तर द्या.

"दूसरा है ही नहीं," बिबीजी म्हणाल्या. त्यांची सून पम्मी मागे चुलीशी उभी होती. तिने पळीने वरण ढवळायला सुरुवात केली. वरण खाली उतरवून ठेवलेलं होतं. मी बघितलं.

पाहुण्यांना दाखवायची खोली

माझी भुणभुण ऐकून विनायकरावांनी एका शनिवारी मला प्रयोगशाळेत नेलं. आत नाही हं, पोलिसांच्या शिकाऊ तुकड्यांना दाखवायला एक खोली आहे तिथे. दारातच टेबलावर पार्सलं होती. पांढऱ्या कापडात शिवलेली, गाठीगाठीवर लाख, लाखेवर शिक्का. मी उभीच राहिले. "अहो, हे तर माझ्या भडंगासारखं!"

"तसंच," ते हसले. "लाख फुटलेली दिसली की आम्ही पार्सल घेत नाही. त्या शिपायाने तुमचं फोडायला लावलं, म्हणजे तुमचा पुरावा बाद."

खोलीत कपाटं, तक्ते, जुने फोटो. घरात न बोलणारा हा माणूस तिथे असा काही बोलायला लागला की मी स्टूल ओढून बसले.

त्यांनी आधी काचेची एक नळी दाखवली. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत एका नातवावर आळ आला, आजोबांच्या कॉफीत सोमल घातल्याचा. एका रसायनवाल्याने सोमल शोधून काढला, पण कोर्टात दाखवेपर्यंत त्याचा पुरावा नासून गेला. पंचांना काही दिसेना, नातू सुटला. पुढे म्हणे त्याने कबूलही केलं. तो रसायनवाला एवढा जळफळला की त्याने अशी युक्ती काढली, की तांदळाच्या दाण्यापेक्षा कमी सोमल असला तरी थंड चिनी मातीवर काळा चकचकीत डाग उमटतो. आणि तो डाग कुणालाही दिसतो, पंचालाही, माझ्यासारख्या चौथी पास बाईलाही. "एक खुनी सुटला, म्हणून ही नळी जन्मली," विनायकराव म्हणाले. मी म्हटलं, "मिनूने दिलेला चहा आता हुंगून घेणार."

मग अंगठ्याचे ठसे. हे तर आपल्याच देशातलं. बंगालच्या चहाच्या मळ्यात साहेबाचा खून झाला, पेटी फोडलेली. पेटीतल्या पंचांगावर रक्ताच्या बोटाचा पुसट डाग. साहेबाच्या जुन्या नोकराला पूर्वी चोरीची शिक्षा झालेली, तेव्हाचा त्याचा ठसा दप्तरात होता. जुळला! पण फाशीचं धाडस होईना कुणाचं. नुसत्या बोटावर माणूस लटकवायचा? चोरी शाबीत धरली, खून नाही. मला ते फार पटलं. नवीन विद्येवर एकदम जीव टाकू नये. आणि तरी अंगावर काटा आला. ज्या अंगठ्याने आम्ही बायका पिढ्यान्पिढ्या कागदावर "शिकले नाही" असं कबूल करत आलो, तो अंगठा जगात दुसऱ्या कुणाचाच नसतो! माझ्या आईने आयुष्यभर लाजून अंगठा उठवला. तिला हे सांगायला हवं होतं.

शेवटच्या कपाटाशी ते थांबले. तिथे एका बाईचा फोटो होता, डोक्यावर चमकता मुकुट. शेजारी कवटीचा फोटो. आणि तिसऱ्यात दोन्ही एकावर एक, जशी पाण्याखालची वाळू दिसावी तशी चेहऱ्याखाली कवटी. मुंबईला जन्मलेल्या एका डॉक्टरने विलायतेत आपली बायको आणि घरातली मोलकरीण, दोघींना मारलं, ओळखू येऊ नयेत असे तुकडे केले, आणि लांब नेऊन पुलाखालच्या ओढ्यात टाकले. आपल्या मुंबईचा म्हटल्यावर मला उगाच लाज वाटली. तिथल्या प्रोफेसरांपुढे प्रश्न होता, की कवटीवर फोटो बसवायचा तर फोटो खऱ्या चेहऱ्याएवढा मोठा करायला हवा. पण किती? मग त्यांनी तो मुकुट शोधून आणला, खरा मुकुट. तो मोजला, फोटोतला मुकुट तेवढा होईपर्यंत फोटो वाढवला. आणि मग कवटी त्या चेहऱ्याखाली जाऊन बसली.

मी कितीतरी वेळ बघत होते. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर होतं तसं झालं मला, खोटं नाही सांगत. नवऱ्याने नाव पुसून टाकलेली बाई, आणि परक्या माणसांनी ते परत तिच्या कपाळावर लिहिलं.

"आणि दात कशाला लागतात हो?"

"कपाळ, डोळ्यांच्या खोबण्या पुष्कळ लोकांच्या जुळतात, आई. दात आपापले असतात." एवढं बोलून त्यांनी कपाट लावलं.

येताना मी मनात घरचे सगळे फोटो चाळले. आमच्या ह्यांचा एकही दात दिसणारा नाही. फोटोवालाच ओरडायचा ना, "तोंड मिटा!"

पिंजौरची बाग

रविवारी सुधा, मी आणि मिनू पिंजौरला निघालो. ऐन वेळी पम्मी म्हणाली, "मैं भी चलूँ, माताजी?" बिबीजींनी डब्यात मुळ्याचे पराठे दिले.

बाग म्हणजे उतरत्या पायऱ्यांवर पसरलेली हिरवळ, मधून पाण्याचा पाट, मागे निळे डोंगर. आमच्याकडे डोंगर अंगावर येतो, तिथे तो लांबून नमस्कार केल्यासारखा उभा असतो. मिनू कारंज्याकडे पळाली, सुधा तिच्यामागे. पम्मी डोंगराकडे बघत होती.

"वो नाला उस तरफ है," ती म्हणाली.

मग कळलं ती कशाला आली होती.

मी पराठ्याचा तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो खाल्ला नाही. म्हणाली, "माताजी, मेरे पास है."

दुसरा फोटो होता. लग्नातलाच. फोटोवाला तयार, सगळे ताठ उभे, आणि घुंघटातून पम्मी हळूच बिंदरला म्हणाली, "तुहाडी कलगी टेढ़ी है." नव्या नवरीने बोलायचं नसतं, आणि हिचं पहिलं बोलणं हे! बिंदर तोंड उघडून हसला, तेवढ्यात दिवा लखलखला. तो फोटो बघून बिबीजी संतापल्या होत्या. "बेशरम, बायको मिळाली तर भर मंडपात दात काढतो!" फोटो फाडायलाच निघाल्या होत्या. पम्मीने तो आपल्या पेटीत लपवला, खऱ्या कलगीसोबत.

"उनका ये दाँत," तिने आपल्या वरच्या दाताला बोट लावलं, "दूसरे पे चढ़ा हुआ था. फोटो में साफ दिखता है." जरा थांबून म्हणाली, "दे दूँगी तो वो मर जाएँगे, माताजी. अभी तो सिर्फ आए नहीं हैं."

मी तिला फक्त त्या मुकुटवालीची गोष्ट सांगितली, माझ्या मोडक्या हिंदीत. ऐकून तिने एवढंच विचारलं, "उसको पहचाना, तो उसके घरवाले का झूठ पकड़ा गया?"

"पकड़ा गया. वो बोलता था, भाग गई."

पम्मी पाण्याकडे बघत म्हणाली, "इनके बारे में भी यही बोलते हैं. भाग गया." मग तिने पराठा खाल्ला, सगळा. बसमध्ये सासूबद्दल म्हणाली, "बीजी फाटक खुला रखती हैं. किसी दिन कोई और आ जाएगा, माताजी."

दुसऱ्या दिवशी हवालदार आला तेव्हा तिने बिबीजींच्या समोर फोटो आणि कलगी त्याच्या हातात दिली. मला वाटलं होतं बिबीजी ओरडतील. त्यांनी फोटो घेतला, डोळ्यांजवळ नेला, परत दिला, आणि तंदूरवर जाऊन रोट्या थापायला लागल्या. त्या दिवशी खूप रोट्या झाल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे खात होतो.

हवालदार चप्पल काढून आला

निकालाला वेळ लागला. मी परतीचं तिकीट दोनदा पुढे ढकललं. मोहरीच्या पाल्याचं साग शिकले, पिन्नी, म्हणजे तिकडचे कणकेचे लाडू, वळायला शिकले. बिबीजींना मेतकूट भात खायला घातला, त्या म्हणाल्या, "बीमारों का खाना है, पर अच्छा है."

डिसेंबरात एका दुपारी हवालदार आला. इतके दिवस फाटकातूनच ओरडायचा. त्या दिवशी चप्पल काढून अंगणात आला, तेव्हाच आम्हाला कळलं.

"माताजी, वही है."

पम्मी खाली बसली. मी तिला धरलं. बिबीजी उभ्याच होत्या.

"किसने पहचाना?"

हवालदाराला सांगता येईना. रिपोर्ट आता पोलिसांकडे पोचलेला होता, म्हणून संध्याकाळी विनायकरावांनी साहेबांची परवानगी घेऊन सांगितलं. कलगी मोजून फोटो वाढवला. कपाळ बसलं, डोळे बसले, हनुवटी बसली. पण खरी खूण पटली ती त्या दातावर चढलेल्या दाताने. "बिबीजी, वो हँसता नहीं, तो हम इतना ही लिख पाते कि शायद वही हो." आणि कवटीला मागून फटका होता. ट्रक विकत घेतला म्हणणाऱ्या त्या दोघांना आता "तो पोरांत गेला" असं म्हणायची सोय उरली नव्हती.

बिबीजींनी भिंतीवरची तसबीर उतरवली, ती गच्च ओठांची.

"इससे तो मेरा पुत्तर पहचाना नहीं गया," त्या म्हणाल्या. "वो दूसरी वापस मिलेगी?"

"केस खत्म होने पर मिलेगी," विनायकराव म्हणाले.

मग त्या पम्मीकडे वळल्या. "तूने क्या कहा था उसको? उस वक्त?"

पम्मीने मान वर केली नाही. "कलगी टेढ़ी है, बीजी."

बिबीजी रिकाम्या खिळ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "टेढ़ी ही थी. मैंने लगाई थी, जल्दी में." आणि पम्मीचं डोकं त्यांनी आपल्या पोटाशी ओढून घेतलं.

दिवस मावळल्यावर मी वर गेले. बाकीच्या घरांच्या कड्या रोजच्यासारख्या एकामागून एक वाजल्या. सगळ्यांत शेवटी आमच्या खालून आवाज आला. लोखंड गंजलं होतं, एकदम सरकलं नाही. दोनदा ओढावं लागलं. मग लागली.

चौथ्या दिवशी पहाटे मी निघाले. माझ्याच रिकाम्या डब्यात बिबीजींनी पिन्न्या भरल्या होत्या. मी तो कापडात शिवला, आणि गाठीवर लाख ओतली तेव्हा त्या शेजारी बसून निरखत होत्या. "ये किसलिए, भैणजी?"

"कोई खोले तो पता चले."

त्यांनी मान डोलावली. धुक्यात फाटकापर्यंत त्या आणि पम्मी दोघी आल्या. कडी बिबीजींनी स्वतः काढली, मी बाहेर पडले, आणि रिक्षात बसून वळून बघेपर्यंत त्यांनी ती परत लावलीसुद्धा होती.